जिवंत सासऱ्यांचा दफनविधी

आमच्या वर्गात छोट्या ख्रिस्ती मंडळ्यांचे सात पाळक होते आणि सातही जण आठवडाभर पोटासाठी दुसरंच काही करत. एक गवंडी, एक रखवालदार, दोघे भाजीवाले. ज्याची ही गोष्ट, तो प्लंबर. शाळा सातवीतच सुटलेली. रविवारी सतरा माणसांच्या मंडळीपुढे तो उभा राहायचा, पण आजाऱ्याजवळ काय बोलावं, मयताच्या घरी काय बोलू नये, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. म्हणून मंगळवारी दुपारी हा वर्ग. मी वाचन घेत असे. बाकी सगळं, पंचवीस वर्षं मंडळी सांभाळलेल्या एक बाई शिकवत. मोठ्या चर्चचे पदवीधर पाळक या सातांना ‘मंगळवारचे’ म्हणत आणि रस्त्यात भेटले तर मान वळवत.

प्लंबरची मंडळी सासऱ्यांच्या घराखालच्या खोलीत भरे. सासरे निवृत्त बसचालक. मुलीने नळवाल्याशी लग्न केलं, हे अकरा वर्षांत त्यांच्या घशाखाली उतरलं नव्हतं. खोली दिली ती केवळ मुलीच्या शब्दाखातर. नळाची गळती थांबेना आणि जावईबापू निघालेत आत्मे दुरुस्त करायला, असं ते जिन्यावरून सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणत.

बाईंची पद्धत अशी की, दफनविधीचा सराव ओळखीच्या माणसाचं खरं नाव घेऊनच करायचा. ‘अमुक अमुक’ म्हटलं की आवाज खोटा होतो. त्यातही ज्याच्याशी पटत नाही असा माणूस निवडा, असं त्या सांगत. आवडत्या माणसाबद्दल कुणीही चांगलं बोलेल. प्लंबर सरळ मनाचा. त्याने सासरे निवडले, वहीत चार पानं लिहिली आणि शनिवारी रिकाम्या खोलीत उभा राहून मोठ्याने वाचू लागला. सासऱ्यांचं पूर्ण नाव, वय, आणि ‘यांना आपण आज मातीच्या स्वाधीन करत आहोत’. खिडकी उघडी होती. जिन्यात मेहुणा होता.

मेहुण्याने वही हिसकावून नेली. संध्याकाळपर्यंत खोलीला कुलूप लागलं. पुरायला माझाच बाप सापडला का, एवढं बायकोने विचारलं. त्यानंतर ती ताट वाढायची आणि बाहेर जाऊन बसायची. रविवारी सतरा माणसांनी रस्त्यावर उभं राहून प्रार्थना केली. पुढच्या रविवारी नऊच आली. महिनाभर असंच चाललं असतं तर मंडळी उरली नसती.

बाई मध्यस्थीला यायला तयार होत्या. तो नको म्हणाला. सोमवारी सकाळी बायकोला घेऊन सासऱ्यांकडे गेला. पुढचं तिनेच मला सांगितलं. सासरे खुर्चीत, मांडीवर वही. त्यांनी जावयाला ‘बस’ असंही म्हटलं नाही.

“वाच,” वही पुढे करून ते म्हणाले.

“दाजी, एक शब्द काढलात तर जिन्यावरून लोटून देईन,” मेहुणा म्हणाला.

“त्याला मी सांगतोय. तू गप्प बस.”

तो वाचू लागला. ‘प्रेमळ होते, सर्वांशी हसतमुखाने वागत’ इथे सासऱ्यांनी हात वर केला.

“हा कोण? मी नाही ओळखत. खोड.”

पाइपवर खुणा करायची पेन्सिल त्याच्या खिशात होती. त्याने ती ओळ खोडली. पुढे लिहिलं होतं की, शेवटच्या थांब्यावर कुणी झोपलेलं राहिलं तर ते त्याला उठवून घरी कसा जाणार म्हणून विचारत, आणि कधी बस उभी करून घरापर्यंत सोडत. आणि खाली, ‘मला त्यांनी आपलं मानलं नाही. माझ्या माणसांना मात्र छप्पर दिलं.’

“बसचं कुणी सांगितलं?”

“तुमच्या मुलीने.”

सासऱ्यांनी वही त्याच्या हातातून काढून घेतली. मग मुलाला म्हणाले, किल्ली दे. मेहुण्याने ती फरशीवर फेकली. प्लंबरने वाकून उचलली.

“माझ्या मातीला मात्र तू बोलायचं नाहीस,” सासरे म्हणाले. “मोठ्या चर्चचे येतील. ते शिकलेले आहेत.”

तो बरं म्हणाला आणि वही मागितली.

“वही इथेच राहील.”

रविवारी खोली उघडली तेव्हा अकरा माणसं आली. बायकोही आली. मागच्या बाकावर बसली आणि उपासना संपल्यावर त्याच्यासाठी न थांबता घरी निघून गेली.