गुरम्माच्या घराची यादी

आजवर तुम्ही जिथं जिथं सही केली, त्यातला एक तरी कागद पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलाय का? खरं सांगा. समोरचा बोट ठेवत गेला, "इथं करा, अन् इथं", अन् तुम्ही करत गेलात. चिडू नका. मीही त्यातलाच निघालो, म्हणून तर गुरम्माची गोष्ट सांगतोय.

गुरम्मा निलंग्याच्या पलीकडची, कानडी मुलखाला लागून असलेल्या गावची. नवरा गेल्यावर लातूरला आली अन् चुलीवरच्या कडक भाकरी विकून तिनं लेकीचं, शिवानीचं, नर्सिंग पुरं केलं. बावीस वर्षांत नऊ घरं बदलली. दर घरमालकाचं गाऱ्हाणं एकच, धूर. "बाई चांगली हाय, पण चूल तेवढी बंद करा." आता चूल बंद केली तर खायचं काय? शिवानीला नोकरी लागली, बँक कर्ज द्यायला तयार झाली, तेव्हा गुरम्मानं ठरवलं, स्वतःचं घर घ्यायचं. खोल्या दोन असल्या तरी चालतील. पण मागं आठ फूट मोकळी जागा पाहिजे, जिथल्या चुलीला कुणी नावं ठेवणार नाही.

घर शोधायला तिनं राजशेखर एजंटला धरलं. पाव्हण्यातलाच, बोलायला गोड. एका सोमवारी तो चार पानांचा करार घेऊन आला. त्यावर सही झाली की तो घरं दाखवायला लागणार होता.

आमच्या गल्लीत कागद आला की लोक मला हाक मारतात. मी सातवी नापास. तहसीलच्या भिंतीवरच्या नोटिसा वाचून वाचून कायदा शिकलो. वकिलाला गप करतो, त्याचा माज आहे मला, लपवत नाही. पानं चाळली. नाव-पत्ता बरोबर, कमिशन दोन टक्के. म्हटलं, "ठीक हाय मावशी. करा सही."

"वाचलास?"

"वाचलं की."

"मला कुठं ऐकू आलं?"

राजशेखर हसला. "काकू, शिकलेली माणसं मनातल्या मनात वाचतेत."

"इल्ला," गुरम्मा म्हणाली. नाही म्हणायची वेळ आली की तिच्या तोंडून मराठी निघत नाही. "लग्नाच्या याद्या होतेत, तवा मनातल्या मनात वाचतेत का रे?"

लग्न ठरलं की आमच्याकडं याद्या होतात. दोन्हीकडची माणसं सतरंजीवर बसतात, देण्याघेण्याची यादी मोठ्यानं वाचली जाते, मगच सह्या. गुरम्माचा बाप गावात याद्यांना बसायचा. त्याचा दंडक होता, ज्याचं मागणं त्यानंच वाचायचं. कागदावर माणूस काहीबी मागतो. चारचौघांत तोंडानं मागताना लाज आडवी येते.

गुरम्मानं दारात सतरंजी टाकली. शेजारची गंगम्मा आली, समोरचे किराणावाले हणमंतराव गल्ला सोडून आले. कागद राजशेखरच्याच हातात दिला.

"वाच बाबा. दमानं."

पहिलं पान झालं. दुसऱ्याला गंगम्मानं जांभई दिली. तिसऱ्या पानावर राजशेखरचा आवाज बसत चालला. "सदर करार एक वर्षासाठी बंधनकारक राहील. या मुदतीत खरेदीदाराने कोणतेही घर स्वतः शोधून अथवा अन्य कोणामार्फत घेतले, तरीही एजंटास ठरलेले कमिशन..."

"थांब. परत म्हण."

त्यानं परत म्हटलं, आणखी हळू.

"म्हंजे उद्या म्या माझं मागचं घर गुरम्माला इकलं, तरी दोन टक्के तुला?" हणमंतराव म्हणाले. "तू काय माझा जावई हायस का?"

सगळे हसले. मला हसू आलं नाही. ते पान माझ्या हाताखालून गेलं होतं. कान तापले अन् तो ताप मी राजशेखरवर काढला. "बाईला फसवायलास! ग्राहक मंचात खेचतो तुला!"

"रामकिशन, बस खाली," गुरम्मा म्हणाली. "तूबी वाचलतास न्हवं?"

बसलो.

राजशेखरनं घाम पुसला. "काकू, खरं सांगू? फॉर्म छापूनच आलाय वरून. शंभर जणांच्या सह्या घेतल्या असतील, मीच कधी वाचला न्हाई. कुणी वाचायला लावलंच न्हाई."

गुरम्मा रागावली नाही. "आज वाचलास, बरं झालं. आता कागद ठेव अन् तोंडानं सांग, तुला काय पाहिजे?"

त्यानं कागद सतरंजीवर ठेवला. "म्या दाखवलेलं घर घेतलं, तर माझं कमिशन. दुसरीकडून घेतलं, तर काई न्हाई. मुदत तीन म्हैने."

"अन् माझी चूल?"

"लिहितो की."

तिसऱ्या पानावरची ती कमिशनची अट दोन्ही प्रतींवर खोडली, शेजारी नवी लिहिली, खोडलेल्या जागी दोघांच्या सह्या घेतल्या. खाली राजशेखरनं हातानं लिहिलं: मागे आठ फूट मोकळी जागा असलेलीच घरे दाखवावीत. मग गुरम्मानं पेन धरलं. पाच मिनिटं लागली तिला सहीला. कुणी घाई केली नाही. नंतर सगळ्यांना भाकरी अन् शेंगाची चटणी मिळाली, राजशेखरला सगळ्यात आधी.

घर दोन महिन्यांत मिळालं, औसा रोडच्या आतल्या अंगाला, राजशेखरनंच दाखवलेलं. खरेदीच्या दिवशी रजिस्ट्री ऑफिसच्या पायरीवर तो न सांगता बसला अन् सगळं खरेदीखत मोठ्यानं वाचून काढलं. गुरम्मा डोळे मिटून ऐकत होती. आता धूर मागून निघतो अन् कुणी काही म्हणत नाही.

माझंही एक मागणं आहे, चारचौघांत मागतोय. एखादी शेजारीण कागद घेऊन तुमच्या दारात आली, तर चाळून "ठीक हाय" म्हणू नका. तिच्या शेजारी बसा अन् तिला ऐकू जाईल असं वाचा. तिसरं पानसुद्धा.