कमिटीत माझी लेक

पोटच्या पोरीवर जळणारी आई असते का? असते, मी होते. आडवळणानं सांगायला मला जमत नाही, म्हणून आधीच सांगून टाकते.

माझी मुलगी जामबागजवळच्या एका सरकारी शाळेत दहावीला होती आणि त्या शाळेच्या कमिटीवर मी तीन वर्षं पालक सदस्य होते. सदस्य झाले ती काही माझ्या कर्तबगारीनं नव्हे. पालकांमधून एक बाई हवी होती आणि त्या दिवशी बायकांमधून मी एकटीच उगवले होते. घरी येऊन सांगितलं तर नवरा ‘हौ का?’ म्हणाला आणि त्यानं टीव्हीचा आवाज वाढवला. आबिड्सला साड्यांच्या दुकानात मी काउंटरवर असते. मीटिंग असली की मालकाकडे शनिवारची अर्धी सुटी मागायची, तो तोंड वाकडं करायचा, ते बघून निघायचं.

शाळेत पोचलं की शिपाई रजिस्टर घेऊन यायचा. कोऱ्या पानाच्या तळाशी सगळ्यांनी सह्या करायच्या, मग समोसा, चहा आणि शेवटी मीटिंग. काय ठरलं ते क्लार्क नंतर सवडीनं वरच्या जागेत लिहायचा. हात वर करायची वेळ आली की मी आधी इकडंतिकडं बघायची आणि जिकडं जास्त हात असतील तिकडं माझाही हात. बोलणं सगळं तेलुगूत नाहीतर हिंदीत, आणि मला दोन्ही येतं, पण मला कधी कुणी काही विचारलंच नाही. मी आपली मम म्हणत राहिले. गल्लीत सांगताना मात्र ‘मी शाळेच्या कमिटीवर आहे’ असं ठसक्यात सांगायची.

त्या वर्षी नव्या हेडमिस्ट्रेस आल्या. शाळा ज्यांच्यासाठी आहे त्यांनाच कमिटीत जागा नाही, हे त्यांना पटेना. मुलांनी मतदान करून एक मुलगा आणि एक मुलगी निवडायची, त्या दोघांनी मीटिंगला बसायचं, बोलायचं आणि मतसुद्धा द्यायचं, असं त्यांनी ठरवून टाकलं. वर्गावर्गात चपलांच्या खोक्यात चिठ्ठ्या पडल्या. मुलींमधून आमची निवडून आली.

घरात सण झाला. सासूबाईंनी दृष्ट काढली. नवरा तिच्यासमोर मांडी घालून बसला आणि विचारू लागला, ‘मग बेटा, पहिला मुद्दा कोणता घेणार?’ मी ओट्याशी भाकऱ्या थापत ऐकत होते. तीन वर्षांत या माणसानं ‘आज मीटिंगला काय झालं’ एवढं विचारलं नव्हतं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्या नादात भाकरी करपली आणि सासूबाईंची बोलणीही मीच खाल्ली.

पहिल्या मीटिंगला तिची खुर्ची हेडमिस्ट्रेसच्या शेजारी आणि माझी नेहमीची, दाराजवळची. रजिस्टर फिरत तिच्यापर्यंत गेलं. तिनं पान वरखाली बघितलं आणि स्वच्छ तेलुगूत म्हणाली, ‘मॅडम, वर काही लिहिलेलंच नाही. लिहून झालं की मी सही करते.’ क्लार्क हसला. हेडमिस्ट्रेस हसल्या नाहीत. ‘बरोबर आहे,’ त्या म्हणाल्या, ‘आजपासून ठराव आधी, सही नंतर.’ समोसे गार झाले तरी कुणी कुरकुरलं नाही. सगळे तिच्याकडं कौतुकानं बघत होते. माझी सही त्या पानावर आधीच झाली होती. ती झाकता येईना आणि खोडताही येईना.

परत येताना मी तिला झापलं. ‘चार मोठ्या माणसांत शहाणपणा दाखवायची काय गरज होती?’

‘अगं आई, कोऱ्या कागदावर सही करायची नाही, हे तूच तर मला शिकवलंस.’

मग मी तिच्या वेणीवरून बोलले.

पुढं तर रोजचंच झालं. भाजी घेताना शेजारीण मला थांबवायची ती ‘तुमच्या मुलीला सांगा ना, शाळेतल्या नळाचं काहीतरी करा म्हणावं’ एवढ्यासाठी. अहो बाई, कमिटीवर मीही आहे, असं तोंडावर यायचं आणि मी गिळायची. लेक हुशार निघाली तर आईनं मिरवायचं असतं, हे मला कळत नव्हतं असं नाही. पण कळून पोटदुखी थांबत नाही.

दिवाळीनंतरच्या मीटिंगला दहावीच्या जादा वर्गांचा विषय निघाला. सर लोकांचं म्हणणं, शाळा सुटल्यावर साडेसहापर्यंत घेऊ. मुलांचं म्हणणं, सकाळी शाळा भरायच्या आधी घ्या. माझ्या मुलीनं वहीचं पान काढून कोण कुठून येतं ते वाचून दाखवलं. त्यात तिची बाकावरची मैत्रीण होती. ती माझ्या घरी किती वेळा जेवून गेलेली. तिचे आईवडील आधी आमच्याच गल्लीत राहायचे. वडलांना पार शहराच्या टोकाला, कुकटपल्लीला, कारखान्याच्या एका युनिटमध्ये काम लागलं म्हणून ते तिकडं गेले, पण पोरीचं दहावीचं वर्ष म्हणून शाळा बदलली नव्हती. सकाळी वडील ड्युटीला जाताना तिला बसमध्ये बसवून देत. बायकांना बस फुकट, पण पोचायला तास-दीड तास जायचा. वडलांनी साफ सांगितलं होतं की अंधार पडल्यावर पोरगी स्टॉपवर उभी राहिलेली चालणार नाही, वर्ग संध्याकाळी झाले तर शाळा बंद. माझ्या मुलीनं हे सगळं शांतपणे सांगितलं आणि शेवटी म्हणाली, ‘ती वर्गात पहिल्या पाचात आहे, मॅडम. ती गेली तर आपण घालवली असं होईल.’

काय बोलली पोरगी. मला अभिमान वाटायला हवा होता. माझ्या मनात आलं की हिला बोलायला येतं, कारण हिला लहानपणापासून सगळं विचारून केलं, फ्रॉकचा रंगसुद्धा. मी देगलूरकडची. मी दहावीत असताना माझी शाळा सुटल्याचं मला चुलत्याकडून कळलं, आणि तेही तो दुसऱ्या कुणाला तरी सांगत होता म्हणून. आणि ही पंधरा वर्षांची पोर खुर्चीत बसून वेळापत्रक ठरवते.

हात वर झाले. सकाळच्या बाजूनं जेवढे, संध्याकाळच्या बाजूनं नेमके तेवढेच. मी सवयीप्रमाणं बघत बसले होते, आणि या खेपेला कुठंच जास्त हात नव्हते. हेडमिस्ट्रेस माझ्याकडं वळल्या. ‘अम्मा, तुमचं राहिलं. तुम्ही आई आहात, तुम्हाला काय वाटतं ते सांगा.’

तीन वर्षांत पहिल्यांदा मला विचारलं गेलं. वर्ग सकाळी व्हावेत असंच मलाही वाटत होतं, हे मी देवाशपथ सांगते. पण सकाळ म्हटलं असतं तर परत तीच जिंकली असती आणि मी परत तिच्या मागं हात वर करणारी. मी घसा खाकरला आणि म्हणाले, ‘पोरांना काय, आज सकाळ म्हणतील, उद्या दुपार म्हणतील. शिकवणारे सर आहेत, त्यांना जमेल ते करावं. मोठ्यांनी ठरवलेलं बरं.’

‘सही बोले अम्मा,’ एक सर म्हणाले. दोघातिघांनी माना डोलावल्या. क्लार्कनं ठराव लिहिला, मग सह्या झाल्या. माझ्या मुलीनं पूर्ण वाचून सही केली. आणि मी? मी खूश होते. लाज वाटते सांगायला, पण त्या संध्याकाळी मी गुणगुणत कपडे वाळत घातले.

सोमवारी संध्याकाळचे वर्ग सुरू झाले. गुरुवारपासून मैत्रीण यायची बंद झाली. माझ्या मुलीनं मला दोष दिला नाही, भांडली नाही, नुसती डब्यात एक पोळी कमी घाल म्हणाली. दोघी एकाच डब्यात खायच्या हे मला तेव्हा कळलं. त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी दुकानात न जाता मी शाळेत गेले. वेळ बदला म्हटलं. हेडमिस्ट्रेस म्हणाल्या, ‘ठराव झालेला आहे, अम्मा. पुढच्या मीटिंगला तुम्हीच मांडा, मी विषय घेते.’

पुढची मीटिंग जानेवारीत झाली. मी उभी राहिले. म्हटलं, मागच्या वेळी मी चुकीचं बोलले, मुलांचं बरोबर होतं, वर्ग सकाळी घ्या. कुणी फार विरोध केला नाही, ठराव झाला. आणि एवढं सगळं मी बोलले तरी मान हलवून शाबासकी दिली ती सगळ्यांनी माझ्या मुलीलाच. माझ्या पोटात तेव्हाही दुखलं. स्वभावाला औषध नाही म्हणतात ते उगीच नाही.

त्या रविवारी आम्ही मायलेकी कुकटपल्लीला गेलो. आता वर्ग सकाळी आहेत, पोरीला उद्यापासून पाठवा, हे सांगायला. घर तिसऱ्या मजल्यावर, एका खोलीचं. दार मैत्रिणीच्या आईनं उघडलं. पोरगी घरात नव्हती. औषधाच्या गोळ्यांच्या डब्या भरायच्या युनिटमध्ये मामीबरोबर जाते, आई म्हणाली, रविवारीही असतं तिथं काम. वडलांनी परीक्षेचा फॉर्मही भरू दिला नव्हता आणि आता त्याची मुदत उलटून गेली होती. पुढच्या वर्षी बघू म्हणाले होते. हे असं ‘बघू’ म्हणजे काय, ते आम्हा दोघींना कळत होतं.

माझ्या मुलीनं तोंड फिरवलं. मी पाण्याचा पेला हातात धरून बसले. त्या दिवशी कुणाच्या मतानं काय झालं, ते त्या बाईला माहीत नव्हतं. माझ्या मुलीनंही सांगितलं नाही.

‘तुम्ही त्या कमिटीत असता ना?’ ती बाई म्हणाली. ‘पोरगी सांगायची. नशीब आहे बाई तुमचं, तुम्हाला तिथं विचारतात तरी. मला कुणी एकदा विचारलं असतं, तर मी सकाळच सांगितली असती.’