राजा किती बोलतो

डिलाईल रोडच्या त्या चाळीत रघु परबांना गप्पा मारताना कुणी पाहिलं नव्हतं. उभा जन्म फोर्टातल्या एका ऑफिसच्या लिफ्टमध्ये गेला. स्टुलावर बसायचं, मजला विचारायचा, बटण दाबायचं. घरीही बोलणं तेवढंच. बायको, बेबी, म्हणायची, "माझ्याशी बोलताना पण ह्यांका वाटता, पुढचो मजलो इलो!"

पण वर्षातून एकदा, चाळीच्या पूजेला, दशावतार व्हायचा आणि रघु राजा व्हायचे. दशावताराला लिहिलेली संहिता नसते. कथा कोणती, कोण कुणाला मारणार, एवढंच तोंडाला रंग लावताना ठरतं. बोलायचं ते उभं राहिल्यावर सुचेल ते. मुकुट चढला की या लिफ्टमनच्या तोंडून आख्खा दरबार उभा राहायचा, आणि बेबी पहिल्या रांगेत बसून विचार करायची, हा माणूस एरवी असतो कुठे?

चाळीतलाच शशिकांत त्यांच्या हाताखाली तयार झालेला. शिकायला आला त्या पहिल्याच दिवशी तो गरजला होता, "मी या नगरीचा राजा!"

रघुंनी कानांवर हात ठेवले. "अरे, राजा आसस तर सांगतस कित्याक?"

"मगे राजा काय बोलता, दादा?"

"राजा इचारता, जेवलंस? आणि समोरचो मान खाली घालता. जो खूप बोलता ना, तो भियालेलो असता."

गेल्या वर्षी रघुंना अर्धांगवायूचा झटका आला. हातापायांत हळूहळू जीव परतला, उजवा हात तेवढा लुळा राहिला. जीभ मात्र एका शब्दावर अडली ती अडलीच. "बरां." चहा हवा? बरां. पाय दुखतो? बरां. डोळ्यांतून पाणी आलं तरी बरां. मग बेबीच त्यांच्या वतीने बोलू लागली. "ते म्हणतत, औषध लागू पडला." कधी रघु मान हलवून नाही म्हणायचे, पण तोवर बेबीचं उत्तर देऊन झालेलं असायचं.

यंदा पूजा जवळ आली तसा शशिकांत दारात उभा. "वयनी, दादा राजा."

"डोक्यार पडलंस काय? एकच शब्द आसा त्यांच्याकडे."

"राजाक किती लागतत?"

"लोक हसतले, शशी." बेबी उंबऱ्यात आडवी उभी राहिली. "ह्ये मान वर करून उभे रवले ते थयच, त्या मुकुटात. तेवढा तरी ऱ्हवांदे."

"बरां!" खाटेवरून आवाज आला. रघु भिंत धरून उभे राहिले होते.

पूजेच्या संध्याकाळी बेबी समोर बसलीच नाही. वेळ आली तर पडदा पाडता यावा म्हणून पडद्याआड दोरी घट्ट धरून उभी राहिली. बाकड्याच्या सिंहासनावर रघु, मुकुट जरा कललेला. मृदंगावर थाप पडली आणि राक्षस झालेला शशिकांत धडधडत आला.

"ऊठ, राजा! या भुजांनी मी पर्वत फोडलेत!"

रघुंनी त्याच्याकडे बघितलं. "बरां."

कुणीतरी फिसकन हसलं. बेबीने डोळे मिटून घेतले.

"बरां? नुसतं बरां? वेशीवर माझं सैन्य उभं आहे!"

"बरां."

पुन्हा हसू आलं, पण ते वेगळं होतं. बेबीने डोळे उघडले. लोक राक्षसाला हसत होते!

"तुझी नगरी जाळीन! तुझं नाव पुसून टाकीन! ऐकतोयस ना? अरे, बोल काहीतरी!"

राजा बोलला नाही. नुसता बघत राहिला. आणि राक्षस बोलत सुटला. सैन्य झालं, शस्त्रं झाली, मारलेल्यांची नावं झाली, आणि बोलता बोलता त्याचा आवाज खाली आला. "ते सगळे माझ्या झोपेत येतात, राजा. आता झोपायचीच भीती वाटते."

मृदंगवाला थाप द्यायचं विसरला. शशी मुद्दाम बोलतोय हे बेबीला ठाऊक होतं. तरी तिला शशी कुठे दिसेना. दिसत होता तो एक भेदरलेला राक्षस, आणि त्याच्यासमोर राजा.

ठरलं होतं असं, की आता राजाने तलवार उचलायची. रघुंनी ती डाव्या हाताने उचलली आणि बाकड्यावर बाजूला ठेवली. मग त्याच हाताची बोटं जुळवून तोंडाशी नेली, घास नेतात तशी.

"बरां?"

सगळ्या चाळीला कळलं, राजा काय विचारतोय.

हे ठरलेलं नव्हतं. शशिकांतची रंगाने माखलेली मान हळूहळू खाली गेली. "नाय, महाराज," तो म्हणाला. आवाज राक्षसाचा नव्हता, शशीचाच होता.

शिट्टी नाही, टाळी नाही. मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांचे हात आपोआप जोडले गेले होते.

पडदा पडल्यावर शेजारचे कुशाबा आत आले. रघुंच्या पायाशी बसत म्हणाले, "रघु, मुकुट जड नाय ना झालो?"

"ते म्हणतत..." बेबीची जीभ सवयीने सुटली. तिने पदराचं टोक तोंडावर धरलं आणि रघुंकडे बघत राहिली.

रघुंना उत्तराला वेळ लागला. ती थांबली.