वाढवून घेतलेले पाच महिने

नेदरलँड्समधलं माझं शिक्षण मार्चमध्ये संपलं आणि मी घरी आले ऑगस्टमध्ये. मधल्या पाच महिन्यांबद्दल मी सगळ्यांना एकच सांगत आले, की प्रबंध अडला होता, सर सोडत नव्हते. तसं काही नव्हतं. प्रबंध वेळेत झाला होता, सरांनी हात मिळवून निरोपही दिला होता. मुदत मीच वाढवून मागितली. प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासायचं एक फुटकळ काम होतं, ते निमित्त केलं. याला आता तेरा वर्षं झाली. नवऱ्यालाही हे ठाऊक नाही.

का राहिले? मला तिथं बरं वाटत होतं, इतकंच. एक खोली, एक सायकल, दोन भांडी. सकाळी डोळे उघडले की कुणाचा चहा नाही, कुणाचा डबा नाही. कालव्याच्या कडेनं सायकल चालवताना मी चक्क गुणगुणत असे. घरी सव्वा वर्षाची लेक ठेवून आलेली बाई मी.

लेक सिंदीला होती, माझ्या मोठ्या जावेपाशी. नवरा नोकरीपायी वर्ध्याला. तो रविवारच्या गाडीनं जाऊन लेकीला भेटून यायचा. जाऊबाईंना मूल नव्हतं. माझी शिष्यवृत्ती आली तेव्हा घरात बराच खल झाला. सासरे म्हणाले, एवढं लेकरू टाकून जाते काय कोणी? तेव्हा बोलल्या त्या जाऊबाईच. "जा व तू. एका सालाचं तं काम हाय. पोरीची चिंता नोको करू, मी हाओ न."

मी रोज फोन करायचे, चेहरा दिसणारा. जाऊबाई पोरीला मांडीवर घेऊन फोन समोर धरायच्या. "आई पाय, आई. आईले पापी दे." पोरगी काचेला ओठ लावायची. सुरुवातीचे दिवस असेच गेले. मग मार्च उलटला, आणि जूनमध्ये एकदा फोन लागल्यावर पोरीनं माझ्याकडे एक नजर टाकली, मान वळवली आणि घरात हाक मारली, "आई, फोन आला वं!"

जाऊबाई धावत आल्या. त्यांचा चेहरा कावराबावरा झाला होता. "मोठी आई म्हण बाप्पा, मोठी आई. आई हे पाय, फोनात हाय." त्या घाबरल्या होत्या. मी हसून वेळ मारून नेली. फोन ठेवला, आणि सायकल काढून फिरायला गेले. त्या दिवशी तिकीट काढता आलं असतं. मी काढलं नाही.

ऑगस्टमध्ये आले तर ओसरी बायांनी भरलेली. माझे सायकलवरचे फोटो सगळ्यांनी पाहिले होते. शेजारची एक म्हातारी म्हणाली, "एवढ्या दूर जाऊन सायकलच शिकली काय व तू? ते तं आमच्या सिंदीतबी शिकवून देल्ली असती." सगळ्या हसल्या, मीही हसले. पोरगी जाऊबाईंच्या लुगड्यामागे उभी होती. हसणं थांबल्यावर तिनं विचारलं, "हे बाई आपल्या घरी कवा जाते?"

त्या आठवड्यात ती माझ्या हातून जेवली नाही, माझ्याजवळ झोपली नाही. मी चॉकलेटं दिली, बाहुली दिली. ती सगळं उचलून जाऊबाईंना नेऊन द्यायची. चूक कोणाची हे मला पक्कं माहीत होतं. म्हणूनच असेल, मला जाऊबाईंचा राग येऊ लागला. त्या पोरीची वेणी घालत तरी राग, न घालता बाजूला सरकल्या तरी राग.

पोळा तीन दिवसांवर आला होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो, लेकरांचा. लाकडी नंदी सजवायचा, दोरीनं ओढत मिरवायचा, मग घरोघर न्यायचा आणि प्रत्येक घरून बोजारा, म्हणजे खाऊ, मागायचा. सिंदीत या दिवसाचं फार मोठं कौतुक. जाऊबाईंनी सुताराकडून चाकांचा नंदी करवून घेतला होता. लाल मखमलीची झूल शिवत बसल्या होत्या. पोरगी रिकाम्या नंदीला अंगणात ओढत सराव करत होती.

मी बॅग भरायला घेतली. जाऊबाई सुई थांबवून म्हणाल्या, "चार रोज थांब न व. तान्हा पोळा होऊ दे. तिनं सबन गल्लीले सांगून ठेवलं."

मी म्हणाले, "दुसऱ्याच्या लेकराचा पोळा किती दिवस कराल बाई तुम्ही?"

हे मी म्हणाले. ओरडून नाही, बॅगेची चेन लावता लावता. त्यांनी सुईतला दोरा दातांनी तोडला, झूल घडी केली आणि आत गेल्या. दुपारच्या गाडीनं मी पोरीला वर्ध्याला आणलं. स्टेशनपर्यंत ती "आई, आई" करत रडली. लोक माझ्याकडे पाहून म्हणत, अगं, आईजवळच तर आहेस बेटा.

वर्ध्यात ती नऊ दिवस रडली. दहाव्या दिवशी उठली आणि मला आई म्हणाली. मी जिंकले असं मला त्या दिवशी वाटलं, हेही सांगून टाकते.

त्यानंतर जाऊबाई वर्ध्याला कधी आल्या नाहीत. आम्ही सणावाराला सिंदीला जायचो. त्या पोरीला पाट देत, ताट वाढत, "अजून घ्या" म्हणत. पाहुण्यांच्या लेकराला म्हणतात तसं.

मागच्या महिन्यात त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. मी एकटीच भेटायला गेले. घरात दोघीच होतो. मी मन घट्ट करून सगळं सांगितलं: अभ्यास मार्चमध्येच संपला होता, सर वगैरे खोटं, मीच राहिले, मजेसाठी राहिले.

त्यांनी पायावरची चादर सारखी केली. मग म्हणाल्या, "पाच महिने?"

"हो बाई."

"त्याच पाच महिन्यांत तं ते मले आई म्हणे." त्यांनी हिशेब लागल्यासारखी मान हलवली. "तू बरोबर टाइमले आली असती, तं तेबी भेटलं नसतं मले."

मी ज्याची माफी मागायला गेले होते, तेवढंच त्यांच्या पदरात पडलेलं होतं. माफी मागायची ती बॅगेची चेन लावताना बोललेल्या त्या वाक्याची. ते वाक्य ओठांपर्यंत आलं. पण माफी मागायची म्हणजे ते पुन्हा उच्चारायचं, त्यांच्या तोंडावर, दुसऱ्यांदा. मी त्यांचा पाण्याचा तांब्या भरून आणला. त्याही ते बोलल्या नाहीत. विसरल्या नसणार.

निघताना त्यांनी विचारलं, "पोरगी याद करते काय व माही कधी?"

तिला त्यातलं काहीही आठवत नाही. सिंदीची काकू एवढीच तिची ओळख. ऑपरेशन झालं म्हटल्यावर "बरं" म्हणून ती अभ्यासाला बसली होती.

"करते ना," मी म्हणाले. "नेहमी करते."

जाऊबाईंनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "पाच वाजताची गाडी हाय तुही. नीघ."