सोयरिकीचा चहा

"मांडव कुठं घालू, सायब?"

कचेरीच्या पायरीशी चपला काढता काढता ती विचारायची आणि उत्तराची वाट न बघता व्हरांड्यातल्या खांबाला टेकून बसायची. मागोमाग डोळखांबकडच्या पाड्यांवरच्या बाया पदर सावरत बसायच्या. हाच तिचा मांडव. शहापूरच्या त्या कचेरीत मी कारकून, त्यामुळे माझ्या खिडकीतून सगळं दिसायचं.

ती धवलारीण होती. आमच्या भागात लग्नाची गाणी म्हणणारी आणि हळदीला व्याह्यांची खोडी काढणारी बाई. मांडवातल्या गाण्याचा राग धरायचा नसतो. हा रिवाज तिनं उचलून थेट कचेरीत आणला. घोषणा नाहीत की वर केलेल्या मुठी नाहीत, नुसत्या टाळ्या आणि आमच्यावर रचलेली गाणी. माझ्या वाट्याला आलेलं असं होतं:

"कारकून भाऊ उठंना गो,
खुर्ची त्याची सुटंना गो!"

बाया खुदुखुदु हसायच्या. मलाही हसू यायचं, आणि मी उठायचोही.

मागणी एकच होती. पाड्याजवळच्या ओढ्यावर साकव हवा होता, पायी जाण्यापुरता छोटा पूल. पावसाळ्यात ओढा भरला की मुलांची शाळा बंद व्हायची. पाणी ओसरलं की मुलगे परत जात. मुली मात्र एकदा घरी राहिल्या की भातलावणीला जायच्या, भावंडं सांभाळायच्या, आणि पुढे त्यांच्या लग्नाचंच बोलणं निघायचं. तिची नात तेव्हा सातवीत होती.

"माझ्या लेकीची शाळा त्या ओढ्यात गेली. नातीची नाय जाऊ देनार," ती म्हणायची. हे बोलताना ती गात नसे.

नागरिकशास्त्रात तुमच्याप्रमाणेच मीही दबावगटाची व्याख्या पाठ केली होती आणि परीक्षा झाल्यावर विसरलो होतो. ती मला पुन्हा आठवली एका निवडणुकीच्या तोंडावर. एक पुढारी झेंड्यांचा भारा घेऊन व्हरांड्यात आला आणि म्हणाला, "आजी, आमच्याकडून उभ्या राहा."

"मला खुर्ची नको रे, साकव पायजे. कापड तुमी न्या, काठ्या ठेवा. काकडीच्या येलाला लागतील."

"बरं, मत तरी द्याल ना?"

"देऊ की. पन ते एक दिवसाचं. बाकीचे दिस काय तोंड शिवून बसाचं?"

काठ्या ठेवूनच तो गेला.

आमच्याकडे सोयरीक जुळवायला गेलेली माणसं होकार मिळेपर्यंत त्या घरचा चहा घेत नाहीत. या बायासुद्धा कचेरीत चहाला शिवत नसत, आणि इथले जुने साहेब चहा विचारण्याच्या भानगडीत पडत नसत. पण त्या पावसाळ्यात मराठवाड्याकडचे एक साहेब बदलून आले. माणूस मोठा दयाळू. भिजून कुडकुडणाऱ्या बाया बघून त्यांनी सगळ्यांना चहा सांगितला.

आजीनं कप हातात घेतला. "सायब, इचार करून पाजताय ना?"

"अहो घ्या हो, चहात कसला विचार!"

मी मुरबाडकडचा, मला सगळं कळत होतं. मी फाइलीत मान घातली. बायांनी चहा संपवला, आजी उठली आणि म्हणाली, "झाली सोयरीक. उद्या ओढ्यावर या, नारळ फोडाचाय."

दुसऱ्या दिवशी साहेब मला घेऊन समजूत घालायला गेले. ओढ्याकाठी आंब्याच्या डहाळ्या लावलेल्या, हळदीकुंकवाचं ताट तयार.

"आजी, मी फक्त चहा दिला होता."

"मंग आमी काय उगीच पिलो?"

तेवढ्यात पलीकडून नात आली, दप्तर डोक्यावर आणि पाणी कमरेपर्यंत. विजार दुमडून साहेब तिला आणायला पाण्यात उतरले, पाय घसरला आणि सरळ बसलेच! आजीनंच त्यांना हाताला धरून बाहेर ओढलं. नारळ तिनं फोडला नाही. तो साहेबांच्या हातात दिला. "मंजुरी आली की फोडू."

तो नारळ साहेबांच्या टेबलावर राहिला. जो येईल तो विचारायचा, "हे काय?" आणि साहेबांना सगळी हकीकत सांगावी लागायची. वरिष्ठांनाही सांगावी लागली. पुढच्या पावसाआधी साकव झाला. नारळ नासका निघाला, पण त्या दिवशी आजी एवढी नाचली की साहेबांनाही नाचावं लागलं.

गेल्या हिवाळ्यात म्हसा गावच्या जत्रेतून तिनं नातीला बांगड्या आणल्या, आणि थोड्याच दिवसांत आजी गेली. आमचा व्हरांडा आता शांत असतो. त्या खांबाकडे मला बघवत नाही.

परवा कामासाठी पाड्यावर गेलो होतो. साकवावरून दप्तरवाल्या पोरी टाळ्या वाजवत येत होत्या, "कारकून भाऊ उठंना गो..." त्यांच्याबरोबर नात होती. आता ती कॉलेजला जाते. मला बघून ती ओरडली, "अगो, हेच ते कारकून भाऊ!"

पोरी हसून लोळायच्या बाकी राहिल्या. माझे डोळे भरून आले. ते लपवायला मी म्हणालो, "चला, सगळ्यांना चहा पाजतो."

नात साकवाच्या कठड्याला टेकली, आजी खांबाला टेकायची तशीच.

"इचार करून पाजताय ना, भाऊ? वरच्या पाड्याच्या ओढ्यावर अजून साकव नाय."

"विचार करूनच," मी म्हणालो, आणि साकवापलीकडच्या टपरीवाल्याला हात केला.