माझ्या बहिणीची सही

ही माझी धाकटी बहीण. सख्खी. हे आधीच सांगतो, कारण तिचं काम ऐकल्यावर लोक मला विचारतात, ‘तुमचीच का?’ माझी शाळा सातवीत सुटली, ती मात्र नर्स झाली, आणि साधीसुधी नव्हे. वृद्धाश्रमातलं माणूस औषधाने बरं होण्यापलीकडे गेलं, की त्याला हॉस्पिसमध्ये नेतात. तिथे तपासण्या, सलाईन सगळं बंद, फक्त त्रास होऊ द्यायचा नाही. नेण्याआधी तपासून सही करते ती माझी बहीण. डॉक्टर लिहितात, पण हिच्या सहीशिवाय गाडी हलत नाही. तिला टॅक्सीतून सोडतो मी, आणि वजनकाटाही मीच उचलतो.

त्या दिवशी घड्याळवाल्या आजोबांची पाळी होती. जन्मभर घड्याळं दुरुस्त केलेला माणूस. तीन महिन्यांत नऊ किलो उतरलेले, बोलणं बंद. डॉक्टरांनी लिहून दिलेलं, मुलीने रडत रडत बॅग भरलेली. दुसऱ्या दिवशी गाडी यायची होती.

"सही करून टाका ताई," मेट्रनबाई म्हणाल्या. "सगळं कागदावर आहे."

"जेवताना बघते आधी," बहीण म्हणाली, आणि स्टूल ओढून बसली. ही तिची पद्धत. कागद नंतर, ताट आधी.

आजोबांनी घास तोंडात घेतला, या गालातून त्या गालात फिरवला आणि हळूच रुमालात काढला. शेजारच्या खाटेवरचे मास्तर मात्र कडक टोस्ट कडाकडा फोडत होते.

"आजोबा, कवळी काढा बघू."

कवळी आपसूकच तिच्या हातात आली. हिरड्यांवर ही मोठी जखम. बहिणीने कवळी उजेडात धरली, मग मास्तरांकडे वळली.

"मास्तर, तुमची जरा दाखवता?"

"जेवतोय मी."

"घट्ट होते का हो?"

"होते. म्हटलं, घट्ट म्हणजे मजबूत. आधी नुसती लटलटायची."

मेट्रनबाईंचा चेहरा पडला. नळ बिघडल्यापासून सगळ्यांच्या कवळ्या एकाच टबात धुतल्या जात होत्या.

"अहो, सांगायचं नाही का?" बहीण आजोबांना म्हणाली.

किती दिवसांनी ते बोलले. "मला वाटलं, मीच आटत चाललोय."

बहिणीने कवळ्या स्वच्छ धुऊन ज्याच्या त्याला दिल्या, जखमेला मलम लावलं आणि फॉर्मवर सही न करता लिहिलं, ‘आत्ता नाही.’ मुलीला फोनवर स्पष्ट सांगितलं, "हृदय कमजोर आहेच. कधीतरी मला सही करायला यावं लागेल. पण आज भुकेपोटी नको पाठवूया." असं बोलायला छाती लागते. आमच्या घरात ती आहे.

"दादा, रडतोस काय?" ती म्हणाली.

"काटा जड आहे," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गेलो. आजोबांनी दोन वाट्या लापशी संपवून तिसरी मागितली होती, आणि गूळ कमी म्हणून मेट्रनबाईंना झापलंही होतं. मास्तर भिंतीकडे तोंड करून पडलेले, ताट जसंच्या तसं.

"ती दुसऱ्याची होती हे मान्य," ते म्हणाले, "पण चावायची छान."

बहिणीने दातांच्या डॉक्टरला फोन लावला, स्टूल मास्तरांच्या खाटेशी ओढलं आणि मला म्हणाली, "दादा, काटा इकडे आण."