रस्ता म्हणजे टाळू नव्हे

कवळीवाल्यांना मी फारसं ओळखत नव्हतो, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. ते अकरा वर्षं माझ्या खालच्याच मजल्यावर राहिले, आणि त्यांनी केलेले दात अकरा वर्षं माझ्या तोंडात होते. पण दातांपलीकडे आमचं बोलणं क्वचितच गेलं. त्यांना गाणं आवडायचं की नाही, लहानपणी ते कसे होते, यातलं मला काही म्हणता काही ठाऊक नाही. त्यांच्या पत्नीने, म्हणजे आम्हा सगळ्या बिऱ्हाडांच्या वहिनींनी, “टायरांची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे, तेवढी तरी लिहून ठेवा,” असं सांगितलं, म्हणून बसलो. थोडी मी पाहिलेली आहे, बाकीची ऐकीव. चुकेल तिथे वहिनी खुणा करतीलच.

तर कवळीवाले. दवाखान्यांतून लोकांच्या तोंडाचे ठसे त्यांच्याकडे येत, आणि ते मेण, प्लास्टर, गुलाबी हिरड्या असं करत करत त्यांच्या कवळ्या बनवत. माणूस बुटका, सावकाश, एक वाक्य बोलायचं तर तीनदा घसा साफ करणारा. असा माणूस चोपन्नाव्या वर्षी दोन दारांची, पोट जमिनीला टेकेल इतकी बुटकी लाल गाडी घेऊन दारात उभा राहिला. सगळी बिऱ्हाडं खिडकीत आली. गाडी सुरू झाली की माझ्या कपाटातल्या कपबशा किणकिणत. आणि एवढी डरकाळी फोडून ती जायची कुठे, तर साडेतीन किलोमीटरवरच्या वर्कशॉपला, वाटेत वहिनींना त्यांच्या ग्रंथालयापाशी सोडून. वेग चाळीसच्या वर गेलेला कुणी पाहिला नाही. उतरताना मात्र आधी एक पाय, मग टोपी, मग दुसरा पाय, मग उरलेले कवळीवाले, असे ते विहिरीतून काढल्यासारखे बाहेर येत.

“एवढी पळणारी गाडी घेतलीत, आणि पळवत नाही?” मी एकदा जिन्यात विचारलं.

त्यांनी घसा साफ केला. “काका, चांगला दात बसवला म्हणून माणूस रोज अक्रोड फोडतो का?”

मी मान डोलावून वर गेलो.

दोन वर्षांत गाडीचे टायर पार गोटा झाले. नवे घ्यायला कवळीवाले टायरच्या दुकानात गेले. दुकान एका धिप्पाड बाईंचं, सगळा रस्ता त्यांना मालकीणबाई म्हणायचा. त्यांनी दहा-बारा टायर भिंतीला लावून दाखवले. कवळीवाल्यांनी एकेकावरून बोट फिरवलं आणि सगळ्यांत गुळगुळीत निवडले. त्यांवर नक्षी म्हणून दोन बारीक रेघा, बस्स.

“हे शर्यतीचे आहेत, डॉक्टर,” मालकीणबाई म्हणाल्या. “कोरड्या, तापलेल्या रस्त्यावर चिकटतात. रोजच्या वापराचे नव्हेत.”

“मी डॉक्टर नाही,” कवळीवाले म्हणाले. “आणि पकड कशाला म्हणतात ते मला कळतं. तीस वर्षं तेच करतोय.”

चौथ्या दिवशी सकाळी ते नेहमीप्रमाणे निघाले. शेजारच्या सीटवर वहिनी, वहिनींच्या मांडीवर खोका, खोक्यात सहा तयार कवळ्या. वाटेत एक गोल बाग लागते, तिला वळसा घालून रस्ता पुढे जातो. बागेचा माळी सकाळी सातला हिरवळीला पाणी घालायचा, आणि त्याचा पाइप हिरवळीपेक्षा रस्त्याला जास्त पाणी पाजायचा. गाडी त्या ओल्यावर आली आणि कवळीवाल्यांच्या हातातलं चाक शोभेचं झालं. गाडी स्वतःभोवती एक पूर्ण गिरकी घेऊन, होती त्याच दिशेला तोंड करून थांबली. कुणाला खरचटलं नाही. फक्त सहाच्या सहा कवळ्या उडाल्या. एक वरची कवळी वहिनींच्या पदरावर येऊन पडली आणि त्यांच्याकडे बघून हसत राहिली.

कवळीवाले पांढरेफटक पडले होते. घसा साफ न करताच त्यांनी विचारलं, “दात शाबूत आहेत ना?”

वहिनींनी पदरावरची कवळी उचलली, खोक्यात ठेवली, खोका सीटवर ठेवला, दार लावलं आणि चालत बसथांब्यावर गेल्या.

“अगं, कुठे चाललीस?”

“बसने जाते. तुमचं चालू द्या.”

तेव्हापासून त्या गाडीत बसेनात. भांडण नाही, अबोला नाही. चहा वेळेवर, डबा वेळेवर. फक्त सकाळी त्या बसथांब्यावर आणि हे गाडीत. बरं, कवळीवाल्यांनी सरळ आपल्या वाटेने जावं की नाही? ते बसच्या मागून जाऊ लागले. रोज सकाळी आमच्या रस्त्याने आधी बस, आणि तिच्या शेपटीला लागून वीसच्या वेगाने गुरगुरणारी लाल गाडी. बस थांब्यावर थांबली की गाडी थांबे. मागच्या काचेतून उतारू त्यांना हात करत, आणि तेही करत. पुढे पुढे तर उशीर झालेले लोक थांब्यावर येऊन विचारू लागले, “लाल गाडी गेली नाही ना अजून? मग आहे वेळ.”

“अहो, मागून कशाला येता?” वहिनींनी विचारलं.

“बस बिघडली तर?”

“बिघडली तर दुसरी येते. बसला मागे नवरा लागत नाही.”

असे पाच महिने गेले. रिकामी सीट कवळीवाल्यांना खायला उठायची. वर्कशॉपमध्ये पोचल्यावर सीटचा पट्टा उगाच लावून-काढून बघायचे, असं त्यांच्या शेजारच्या चष्मेवाल्याने मला सांगितलं. शेवटी त्यांच्या मनाने घेतलं की सगळा दोष टायरांचा. वहिनींना पुन्हा शेजारी बसवायचं, तर न घसरणारा टायर शोधला पाहिजे. एका शनिवारी ते मालकीणबाईंच्या दुकानात जाऊन उभे राहिले.

“गुळगुळीत का घेतलेत ते आधी सांगा,” मालकीणबाई म्हणाल्या.

कवळीवाल्यांनी तीनदा घसा साफ केला आणि समजावून सांगितलं. वरची कवळी टाळूला कशाने धरून राहते? ना खिळा, ना डिंक. कवळी आतून अगदी तंतोतंत, गुळगुळीत हवी, आणि मध्ये लाळेचा पातळ थर हवा. तोंड जितकं ओलं तितकी पकड घट्ट. कोरड्या तोंडाच्या माणसाची कवळी पहिल्या शिंकेला बाहेर येते. म्हणून त्यांनी हिशेब केला होता की टायर गुळगुळीत आणि रस्ता ओला, म्हणजे गाडी जागची हलायची नाही.

मालकीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग हातातला पान्हा खाली ठेवून टायरांच्या चवडीवर बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

“अहो डॉक्टर! रस्ता म्हणजे टाळू नव्हे!”

“मी डॉक्टर नाही.”

“मग ऐका. कवळीला पाणी धरून ठेवायचंय. टायरला पाणी हाकलायचंय. त्या खाचा काय शोभेला असतात? पाण्याला पळून जायला वाट लागते.”

कवळीवाल्यांनी भिंतीशी उभ्या टायरच्या खाचेत नख घालून पाहिलं. तीस वर्षांत आपल्या हातून एवढं उलटं काम झालं नव्हतं, असं ते नंतर वहिनींना म्हणाले. पण माणूस कारागीर. चूक कळली की हात शिवशिवतात. त्यांनी गाडीतून पिशवी आणली. पिशवीत ठशाची गुलाबी पूड, वाडगं आणि उलथणं. मालकीणबाईंच्या डोळ्यांदेखत त्यांनी पूड कालवली, भिंतीला लावलेल्या पहिल्या टायरसमोर गुडघे टेकले, आणि सवयीने म्हणाले, “आ करा. मोठा आ.”

“त्याला तोंड नाही, डॉक्टर.”

“सवय आहे हो.”

सलग तीन शनिवार ते टायरांचे ठसे घेत होते. गिऱ्हाइकं ताटकळत उभी. ठसा निघेपर्यंत ते टायरला “थुंकू नका, नाकाने श्वास घ्या” असंही सांगत. मग वर्कशॉपमध्ये त्या ठशांत प्लास्टर ओतून साचे झाले. फळीवर एका बाजूला लोकांचे जबडे, दुसऱ्या बाजूला टायरांचे. साच्यांवर ते थेंब थेंब पाणी सोडत आणि ते कुठून वाहतं ते भिंग लावून बघत. एकदा एक आजीबाई कवळी घ्यायला आल्या, त्यांनी टायरचा साचा उचलून विचारलं, “हा बिचारा कोण?”

निष्कर्ष असा निघाला. शर्यतीच्या टायरला खाचा नाहीत, तो बाद. बर्फावर चालणाऱ्या टायरला हजार बारीक चिरा, पण तो मऊ, वळणावर गाडी हिंदकळते. साधा टायर बिचारा सज्जन, पण त्या गाडीला त्याचा दम पुरत नाही. शेवटी एक निघाला. मधोमध चार रुंद पन्हाळी, कडेचे ठोकळे दाढांसारखे भरीव, रबर ना फार कडक ना फार मऊ.

“हा बारमाही,” मालकीणबाई म्हणाल्या. “पळेल जरा कमी. पण थांबेल.”

“मला थांबणाराच हवाय.”

आता वहिनींना पटवायचं होतं.

“पाण्याने भरलेला पेला न सांडता गोल बागेला चार फेऱ्या मारून दाखवा,” वहिनी म्हणाल्या. त्यांना वाटलं, विषय मिटला.

कवळीवाले त्याच संध्याकाळी माझ्या दारात आले. “काका, उद्या दुपारपर्यंत तुमचे दात द्याल का?”

मी विचारलं, ते कशाला.

“रिकामा पेला लबाडी वाटेल. पेल्यात कवळी असली म्हणजे वजन राहतं. आणि तुमची चांगली बसलेली आहे.”

पेला रिकामा नव्हता, पाण्याचा होता, हे मला ते गेल्यावर सुचलं. तोवर दात गेले होते.

सकाळी सातला मीही गेलो. माळ्याने पाणी सोडलेलंच होतं. बसथांब्यावर वहिनी, हाताची घडी घालून. गाडीत शेजारच्या सीटवर मालकीणबाई, कारण पेला धरायला घट्ट हाताचं माणूस हवं होतं. पेल्यात माझे दात. गाडी निघाली. पहिली फेरी वीसने, दुसरी तीसने. तेवढ्यात बस आली आणि ड्रायव्हर निघायचं नाव घेईना. तिसरी फेरी पस्तीसने. उतारू उभे राहून मोजत होते. चौथी चाळीसने, माळ्याने बांधलेल्या सगळ्या तळ्यांतून. गाडी रुळावर असल्यासारखी वळली. मालकीणबाईंनी खिडकीतून पेला बाहेर काढून उंच धरला. काठोकाठ! बसमधून टाळ्या पडल्या.

मला फार बरं वाटलं, पण तोंडात दात नसल्यामुळे मी ओरडलो नाही.

गाडी थांब्यापाशी आली. मालकीणबाई बाहेर आल्या, त्यांनी पेला वहिनींच्या हाती दिला. “बसा आता, बाई. तुमच्यासाठी या माणसाने माझ्या टायरांना गुळण्या करायला लावल्यात.”

वहिनी बसकडे बघत होत्या. बसमधली एक बाई म्हणाली, “बसा हो, आम्ही येतो मागून.” वहिनी बसल्या. पाच महिन्यांनी पट्टा त्यांच्या खांद्यावरून गेला. गाडी निघाली, मागे बस, आणि बसमध्ये मी.

बाग संपल्यावर शंभर पावलांवर एक स्पीडब्रेकर आहे. कवळीवाले इतक्या आनंदात होते की तो त्यांना दिसला नाही. गाडी उडाली, आपटली. पेल्यातलं सगळं पाणी वहिनींच्या मांडीवर आणि माझे दात पुढच्या काचेवर. कडकन आवाज झाला तो बसपर्यंत आला. दोघे-तिघे म्हणाले, “गेलं!”

गाडीत काय झालं ते वहिनींनी सांगितलेलं आहे. कवळीवाल्यांनी गाडी थांबवली. पायाशी कवळीचे दोन तुकडे पडले होते. त्यांनी तिकडे बघितलंसुद्धा नाही. “तुला लागलं नाही ना?”

वहिनींची साडी निथळत होती. त्यांनी पेला पायाशी ठेवला. “नाही लागलं. चला, मला उशीर होतोय.”

“पाणी सांडलं.”

“सांडलं तर सांडलं. पाच महिन्यांत पहिल्यांदा विचारायचं ते विचारलंत.”

कवळीवाल्यांना हे समजायला, वहिनींच्या म्हणण्याप्रमाणे, ग्रंथालय येईपर्यंत वेळ लागला. तिथे उतरताना त्या एवढंच म्हणाल्या, “संध्याकाळी सहाला या. आणि ते साचे फळीवरून काढा, लोक घाबरतात.”

साचे त्यांनी काढले नाहीत. वहिनी मात्र शेवटपर्यंत त्या सीटवर बसल्या. सहा वर्षं. टायर मध्ये एकदा बदलले, तेच, त्याच नक्षीचे. बसच्या ड्रायव्हरला काही दिवस चुकल्यासारखं झालं म्हणे.

मला त्यांनी नवी कवळी करून दिली. पंधरा दिवस मी पेजेवर काढले, पण ही आधीच्या कवळीपेक्षा सरस. ती अजून तोंडात आहे. ते गेले त्याच्या आदल्या संध्याकाळी जिन्यात भेटले होते. गाडीतून उतरून आले होते, टोपी हातातच होती. मी त्यांना काही विचारायला हवं होतं, गाण्याबद्दल किंवा कशाबद्दलही, असं मला आत्ता वाटतं. तेव्हा वाटलं नाही.

“काका, टोचत नाहीत ना?”

“नाही. डावीकडे जरासं.”

“उद्या घासून देतो.”

“सावकाश द्या, घाई नाही.”